शास्त्रज्ञांना लिहितं करताना

शास्त्रज्ञांना लिहिता येत नाही आणि कवींना गणित येत नाही, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. दुसऱ्या भागाबद्दल मी वाद घालणार नाही. माझं शिक्षण बी.ए., विषय मराठी. दहावीच्या गणिताची आठवण मी घरात काढू देत नाही. पण पहिल्या भागाबद्दल गेल्या तीन-चार वर्षांत जे जवळून पाहिलं, ते सांगावंसं वाटतं.

मी भोरचा. नीरेकाठचं, पंतसचिवांच्या संस्थानाचं हे गाव. डोंगराच्या पलीकडे वेल्हे. २०२४ साली राज्य सरकारने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, पण आमच्या तोंडात अजून वेल्हेच आहे. दोन्ही तालुके पावसाचे, भाताचे आणि धरणांचे. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, गुंजवणी अशी नावं घेत गेलं की निम्मा भूगोल पाण्याखाली गेल्यासारखा वाटतो. जे पाण्याच्या वर राहिलं त्यात गावोगावच्या देवराया आहेत. हिरडा, जांभूळ, सातवीण, आणि या सगळ्यांना विळखा घालून बसलेला मांडीएवढ्या जाडीचा गारंबीचा वेल. या देवरायांमुळेच मी शास्त्रज्ञांच्या नादाला लागलो.

२०२२ च्या उन्हाळ्यात एका परिचित प्राध्यापकांचा फोन आला. ‘कविराज, विज्ञानाच्या प्राध्यापकांसाठी शोधनिबंध-लेखनाची कार्यशाळा घेतोय. शब्दांचं तेवढं तुम्ही बघा.’ मी म्हटलं, ‘अहो, मला त्यातलं काय कळतं?’ ते म्हणाले, ‘आम्हाला तरी कुठे कळतंय? या तुम्ही.’

गेलो. ऐंशी माणसं, दोन दिवस, पडद्यावर एकामागून एक सरकणारी इंग्रजी वाक्यं. दुपारी श्रीखंड-पुरी, शेवटी प्रमाणपत्रं आणि सामुदायिक फोटो. माझं भाषण अर्ध्या तासाचं होतं. भाषा सोपी असावी वगैरे मी बोललो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांत त्या सभागृहात कुणीही एक ओळसुद्धा लिहिली नाही. पोहण्याच्या वर्गात सगळ्यांनी काठावर बसून पाण्याचं रासायनिक सूत्र ऐकावं, तसा तो प्रकार होता.

पण चहाच्या वेळी वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक माझ्याजवळ आले. चाळिशीचे असतील. म्हणाले, ‘सर, नऊ वर्षं मी वेल्ह्यातल्या तीन देवरायांमध्ये जातोय. प्रत्येक झाडाचा घेर मोजून ठेवलाय. पण आता ते कुठेच छापता येत नाही.’ का, म्हणून विचारलं. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं ते असं.

बढतीसाठी गुण हवे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१० सालच्या नियमांत प्राध्यापकांच्या कामाला गुण द्यायची पद्धत आणली आणि छापून आलेल्या प्रत्येक शोधनिबंधाला गुण मिळू लागले. हेतू चांगलाच असणार. पण गुण मिळतात म्हटल्यावर ते विकणाराही बाजारात येतो. या प्राध्यापकांना एक ई-मेल आली. नियतकालिकाच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द होता. साडेतीन हजार रुपये भरले, चार दिवसांत लेख स्वीकारला, आठवड्यात छापला. कुणी वाचला नाही, कुणी प्रश्न विचारला नाही. उत्साहाने त्यांनी दुसराही दिला. तीन देवरायांमधल्या झाडांच्या संपूर्ण याद्या त्या दोन लेखांत गेल्या. पुढे हे दुकान आहे असं लक्षात आल्यावर त्यांनी लेख मागे घ्यायची विनंती केली, तर मागे घेण्याचेही पैसे मागितले. आता तीच माहिती चांगल्या नियतकालिकाला पाठवावी तर तिथला संपादक म्हणणार, ही तर आधीच छापली आहे. नऊ पावसाळ्यांचं काम, आणि त्याची ही गत.

हे प्राध्यापक एकटे नव्हते. पुण्यातच डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांच्या शिफारशींवरून आत आलेली १००९ नियतकालिकं तपासली होती. तो अभ्यास २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३४.५ टक्क्यांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावं अशी साधी माहितीही नीट नव्हती किंवा नव्हतीच. आणखी ५२.३ टक्क्यांनी स्वतःबद्दल खोटी माहिती दिली होती किंवा त्यांच्या संपादकांची पात्रताच संशयास्पद होती. एकूण ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकं सुमार दर्जाची असावीत, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच वर्षी यूजीसीने चार हजारांहून जास्त नियतकालिकं यादीतून काढून टाकली. पुढे ‘केअर’ नावाची नवी यादी आली, तिचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. २०२५ साली तीही बंद झाली. २०१९ च्या अखेरीस पीएच.डी. करणाऱ्यांना संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतीचा तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. चांगला अभ्यासक्रम आहे. चोरी कशी करू नये, फसवं नियतकालिक कसं ओळखावं हे त्यात आहे. पण काय करू नये हे कळल्याने काय लिहावं हे कळत नाही. कोऱ्या कागदासमोर बसलेल्या माणसाची अडचण नीतीची नसते, पहिल्या वाक्याची असते. आणि ती अडचण सुटली नाही तरच तो त्या साडेतीन हजारांच्या दुकानात जातो, असं माझं मत झालं आहे.

मग आम्ही चौघांनी ठरवलं की आपलं आपण काहीतरी करून बघू. दोन निवृत्त प्राध्यापक, एका संशोधन संस्थेत काम केलेल्या एक बाई आणि मी. बारा माणसंच घ्यायची. प्रत्येकाने स्वतःची निरीक्षणं घेऊनच यायचं. नुसतं ऐकायला कुणी नको. सहा महिन्यांत चार बैठका, भोरला. मधल्या काळात प्रत्येकाच्या मागे आमच्यापैकी एकाने लागायचं. प्रमाणपत्र नाही. ही काही आमच्या डोक्यातली नवलाई नव्हे. ‘ऑथरएड’ नावाचा उपक्रम २००७ पासून विकसनशील देशांतल्या संशोधकांसाठी असंच करत आला आहे : लेखनाचे वर्ग घ्यायचे आणि अनुभवी संशोधकाची नवख्याशी गाठ घालून द्यायची. फक्त आमच्याकडे हे सगळं भोरच्या मराठीत चालतं.

भाषेचा मुद्दा इथेच येतो. माझ्या घरी दखनी बोलतात. शाळेत गेलो तेव्हा मराठी शिकलो, आणि पुढे तीच लिहायची भाषा झाली. कवितेचा पहिला शब्द अजूनही कधी अम्मीच्या बोलीत येतो, मग कागदावर मराठीत उतरतो. त्यामुळे घरात एक भाषा आणि कागदावर दुसरी, हे दुखणं मला ठाऊक आहे. आमचे बाराही जण मराठीत विचार करत होते आणि थेट इंग्रजीत लिहायला बसत होते. इंग्रजी आलं की ते घाबरायचे, आणि घाबरलेला माणूस लांबलचक वाक्यं लिहितो. म्हणून पहिल्या बैठकीत वह्या बंद करायला लावल्या. प्रत्येकाने उभं राहून, आपल्या मावशीला सांगतोय असं समजून, पाच मिनिटांत सांगायचं : मी काय पाहिलं, आणि ते बघायला का गेलो. ओढ्यातल्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एक बाई इतक्या सुरेख बोलल्या की खोलीतला पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला. मग त्यांनी लिहून आणलेला मसुदा वाचला. त्यात त्या बाईही नव्हत्या आणि ओढाही नव्हता. ‘असे आढळून आले’, ‘असे निदर्शनास आले’, ‘असे नमूद करणे उचित ठरेल’ याच तीन वाक्यांची इंग्रजी भावंडं पानभर पसरली होती.

शोधनिबंधाची भाषा अशी कोरडी कधीपासून झाली, म्हणून मी थोडं वाचलं. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांच्याकडे देशोदेशीच्या अभ्यासकांची पत्रं येत. मार्च १६६५ पासून त्यांनी त्यांतला मजकूर छापायला सुरुवात केली. म्हणजे शोधनिबंध हा मुळात पत्राचा वंशज. रामन आणि कृष्णन यांनी आपला शोध ३१ मार्च १९२८ च्या ‘नेचर’मध्ये कळवला, तोही संपादकांना लिहिलेल्या, पानभरसुद्धा नसलेल्या पत्रातून. दोन वर्षांनी रामन यांना नोबेल मिळालं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक विज्ञान नियतकालिकांनी एकच साचा घेतला : प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणं, चर्चा. अनेक जण या साच्यावर चिडतात. मी चिडत नाही. गझल लिहिणाऱ्याला साच्याचं भय वाटून चालत नाही. काफिया ठरलेला असतो म्हणून तर शेर नेमका कुठे उतरणार ते कळतं. शोधनिबंधात कुणाला फक्त पद्धत बघायची असते, कुणाला फक्त आकडे. त्याला हवी ती खोली चटकन सापडावी, एवढाच त्या साच्याचा उपयोग.

पण लिहिताना त्याच क्रमाने लिहायची गरज नाही, हे आम्ही जवळजवळ ओरडून सांगितलं. माझे अब्बा भोरच्या बाजारपेठेत शिलाईचं दुकान चालवत. आधी माप, मग कापणी, मग कच्ची शिलाई. गिऱ्हाइकाने अंगात घालून बघितल्यावर पक्की. बटणं सर्वांत शेवटी. आमचे प्राध्यापक बटणांपासून सुरुवात करत होते, म्हणजे भारदस्त शीर्षक आणि ‘मानवाच्या इतिहासात वनांचे महत्त्व’ असली प्रस्तावना. आम्ही सांगितलं, आधी तक्ता किंवा आलेख तयार करा. मग त्या तक्त्याखाली एका वाक्यात लिहा, यातून काय दिसतं. वाक्य जमलं नाही तर तक्ता चुकलाय किंवा अजून निरीक्षणं हवीत. त्यानंतर पद्धती, कारण तिथे शोभा आणायची नसते. घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजला तर तसं लिहायचं, संपलं. मग निरीक्षणं, मग चर्चा. प्रस्तावना आणि शीर्षक शेवटी. पहिल्या मसुद्याला सगळे ‘कच्ची शिलाई’ म्हणू लागले. ‘सर, माझी कच्ची शिलाई झाली’ असा एका भौतिकशास्त्राच्या माणसाचा रात्री अकरा वाजता फोन आला तेव्हा घरात काय समजले असतील कोण जाणे.

दुसऱ्या बैठकीत मसुद्यांची अदलाबदल केली. वनस्पतीचा कागद भौतिकवाल्याकडे, पाण्याचा गणितवाल्याकडे. जिथे समजलं नाही तिथे फक्त फुली मारायची, सल्ला द्यायचा नाही. मोठ्याने वाचायला लावलं. श्वास जिथे पुरत नाही तिथे वाक्य तोडायचं, ही कवितेची रीत इथेही तेवढीच चालली. तिसरी बैठक नकाराची. आमच्यातल्या बाईंनी प्रत्येक मसुद्यावर कडक परीक्षकासारखं पत्र लिहून आणलं. दोघांचे चेहरे उतरले. तेव्हा मी माझ्या मालकीचं एकमेव भांडवल बाहेर काढलं : नियतकालिकांकडून आलेल्या ‘साभार परत’च्या चिठ्ठ्या. त्यांत कारण कधीच नसतं. तुमच्या परीक्षकाने मात्र तीन पानं खर्चून सांगितलंय की तक्ता दोन का पटत नाही. अशी तीन पानं मला विशीत कुणी लिहिली असती तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

इथे एक आडवळण. आता संगणकावरचं यंत्रच इंग्रजी सुधारून देतं, मग हे सगळं कशाला, असं एकाने विचारलं. भाषा तपासायला वापरा, आणि वापरलं हे उघड लिहा. बऱ्याच नियतकालिकांची तशी अटच आहे. पण त्याच गृहस्थांच्या मसुद्यात एक संदर्भ होता, लेखकांची नावं, वर्ष, पृष्ठ क्रमांक सगळं व्यवस्थित. शोधू लागलो तर असा लेख अस्तित्वातच नव्हता. यंत्राने रचला होता. कवी म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं, पण शोधनिबंधात ते चालत नाही.

आता देवरायांच्या प्राध्यापकांकडे परत येतो. झाडांच्या याद्या गेल्या होत्या, पण घेरांची मोजमापं कुठेच छापली नव्हती. नऊ वर्षांत कोणती झाडं वाढली, कोणती नाहीशी झाली, ही गोष्ट अजून त्यांच्या वहीतच होती. आम्ही म्हटलं, तेवढंच घ्या, आणि आधीच्या दोन लेखांबद्दल संपादकांना पत्रातच स्पष्ट सांगा. हा विषय नवा नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांवर १९७५ साली ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात आणि १९७६ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’मध्ये लिहिलं, तेव्हापासून जगभरचे लोक त्यांचा दाखला देतात. पण एकाच देवराईत पुन्हा पुन्हा जाऊन तेच झाड मोजलेलं फारसं सापडत नाही. त्यामुळे प्राध्यापकांच्या वहीला मोल होतं.

त्यांच्या मसुद्यावर माझी एकच फुली होती. ‘स्थानिक नावे नोंदवण्यात आली.’ कुणी सांगितली? तेव्हा कळलं की एका धनगर आजोबांनी चार वर्षं बरोबर फिरून निम्मी झाडं ओळखून दिली होती. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. कर्मवाच्य प्रयोगाची ही सोय मला खटकते. त्यात माणूस अलगद गळून पडतो आणि कुणाला अपराधी वाटत नाही. बरीच चर्चा झाली. लेखक म्हणून नाव घालावं का? लेखक म्हटलं की सगळ्या मजकुराची जबाबदारी आली, आणि आजोबांना इंग्रजी मजकूर वाचता येणार नव्हता. शेवटी त्यांना विचारून ऋणनिर्देशात पूर्ण नाव आणि नेमकं काम लिहायचं ठरलं. आजोबांनी होकार दिला, पण एक अट घातली : देवराईचं ठिकाण छापू नका, मुळ्या खणणारे येतात. इकडे शोधनिबंधाची पद्धत म्हणते, अक्षांश-रेखांश द्या. मार्ग असा निघाला की लेखात फक्त तालुका द्यायचा आणि नेमकी जागा एका संस्थेकडे ठेवायची. अभ्यासकाने मागितली तर कारण बघून द्यायची. दुर्मीळ वनस्पतींच्या बाबतीत असं करतातही.

आमच्या कार्यक्रमाची एक अट होती. संपादकांकडे पाठवण्याआधी प्रत्येकाने आपलं म्हणणं मराठीत एका पानावर लिहायचं आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना वाचून दाखवायचं. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगत आली आहे, तेव्हा यात नवीन काही नाही. आम्ही फक्त वेळ बदलली. छापून आल्यावर सांगण्याऐवजी आधी.

गावाचं नाव आता अर्थातच सांगत नाही. देवळाच्या सभामंडपात वीस-बावीस माणसं जमली. प्राध्यापकांनी पान वाचलं. एका देवराईत मोठ्या घेराचे अकरा वृक्ष दोन मोजणींच्या मध्ये नाहीसे झाले होते आणि त्यांनी कारण दिलं होतं : गुरांची चराई व सरपणासाठी तोड. मागून एक म्हातारे म्हणाले, ‘मास्तर, देवाचं लाकूड चुलीत घालतंय का कोण? आणि गुरं रोपं खात्यात, दोघांच्या कवेत न मावणारं झाड खात न्हाईत.’ सगळे हसले, मग एकदम शांत झाले. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी देवस्थान समितीतल्या एकाने सांगितलं. देवळाचा जीर्णोद्धार काढला होता, स्लॅबला पैसे कमी पडले, अकरा झाडं विकली. ज्या सभामंडपात आम्ही बसलो होतो तो त्याच पैशांचा.

पुढचा तासभर वाद झाला. हे छापलं तर वनखात्याची माणसं येतील, असं तरुणांचं म्हणणं. म्हाताऱ्यांचं म्हणणं, खोटं छापण्यापेक्षा ते बरं. मला कुणीतरी विचारलं, ‘चाचा, तुम्ही काय म्हणता?’ मी म्हटलं, गाव तुमचं, मी फक्त व्याकरण बघायला आलोय. पण चराई हे कारण आता ठेवता येणार नव्हतं, हे प्राध्यापकांनी स्वतःच सांगितलं. खरं कारण लिहायला परवानगी नसेल तर तो परिच्छेदच काढून टाकतो, म्हणाले. दोन आठवड्यांनी समितीचा निरोप आला : लिहा, गावाचं नाव नको.

लेख गेला. पहिल्या फेरीत दोन परीक्षकांची पत्रं आली. एकाने विचारलं होतं, झाडं विकली याला पुरावा काय? प्राध्यापक पुन्हा गावात गेले. समितीच्या अध्यक्षांनी ट्रंकेतून जमाखर्चाची वही काढली. एका पानावर जमेच्या बाजूला, निळ्या शाईत, ‘देवराईतील झाडे विक्री’, पुढे रक्कम आणि तारीख. त्या पानाचं छायाचित्र, खाली इंग्रजी भाषांतर, असं दुसऱ्या फेरीच्या उत्तरासोबत संपादकांकडे गेलं आहे. वरच्या कोपऱ्यात गावाच्या नावाचा शिक्का आहे, त्यावर तेवढी कागदाची पट्टी चिकटवली आहे.